वैद्यकीय थकबाकी एका क्रेडिट रिपोर्टमध्ये आहे, दुसऱ्यात नाही: अमेरिकेतील तीन ब्युरोंच्या नोंदी कशा दुरुस्त कराव्यात

घराच्या कर्जासाठी अर्ज केला, बँकेने तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट एकत्र मागवले आणि त्यांतल्या एकात दवाखान्याची थकबाकी निघाली, दुसऱ्यात तीच थकबाकी दोनदा निघाली आणि तिसऱ्यात तिचा मागमूसही नाही, हा अनुभव अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण असे धरून चालतात की ज्या रिपोर्टमध्ये नोंद नाही तो बरोबर आणि उरलेले चुकीचे, आणि त्या भरात ब्युरोच्या संकेतस्थळावर जाऊन ‘हे खाते माझे नाही’ या पर्यायावर खूण करून मोकळे होतात. माझ्या मते सर्वांत जास्त काम बिघडते ते इथेच. नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत एवढ्यावरून त्यांतली कोणती खोटी हे ठरत नाही. मात्र त्या नेमक्या कुठे जुळत नाहीत हे कागदावर मांडता आले, तर तीच विसंगती तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

नोंदी वेगवेगळ्या का असतात

इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन स्वतंत्र खासगी कंपन्या आहेत. एकाच गावातल्या तीन दुकानदारांच्या उधारीच्या वह्या जशा एकमेकींशी जुळतीलच असे नाही, तसेच यांचेही आहे. कोणत्याही देणेकऱ्याची माहिती ब्युरोला कळवलीच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही. कळवली तर ती अचूक असली पाहिजे, एवढेच बंधन आहे. दवाखाने सहसा स्वतः काही कळवत नाहीत. थकलेले बिल कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या संस्थेकडे, जाते आणि ती एजन्सी एका, दोन किंवा तिन्ही ब्युरोंना कळवते. पुढे तेच बिल दुसऱ्या एजन्सीकडे गेले, तर पहिलीने आपली नोंद काढून घ्यायची असते. ते एका ब्युरोकडे होते आणि दुसरीकडे राहून जाते.

दुसरे कारण नावांचे आहे आणि ते आपल्याकडच्या लोकांना विशेष लागू पडते. मराठी पद्धतीत विवाहित स्त्रीचे मधले नाव म्हणजे नवऱ्याचे नाव. आडनाव एक, पत्ता एक आणि मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचे पहिले नाव असले की बायकोचे बिल नवऱ्याच्या फाइलला चिकटण्याची शक्यता वाढते, विशेषतः दवाखान्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तेव्हा. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे, आलेल्या अनेकींकडे तो क्रमांक नसतोच. मग एजन्सी नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांवरून जुळणी करते, आणि प्रत्येक ब्युरोची जुळणी करण्याची रीत निराळी असते.

तिसरा प्रसंग भारतातून आलेल्या आईवडिलांचा. रात्री छातीत दुखू लागले, इमर्जन्सीत नेले, व्हिजिटर इन्शुरन्सने बिलाचा काही भाग नाकारला आणि उरलेली रक्कम मुलाच्या नावावर आली, कारण दाखल करताना पुढे केलेल्या कागदांपैकी एकावर त्याने हमीदार म्हणून सही केली होती. इथे आधी तो सही केलेला कागदच दवाखान्याकडून मागवावा. सहीच्या शेजारच्या रकान्यात फक्त ‘संपर्कासाठी व्यक्ती’ असे लिहिलेले असेल, तर सगळा मुद्दाच वेगळा होतो.

आजचे नियम काय आहेत

जुन्या लेखांवर विसंबून पत्रे लिहिली जातात म्हणून हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. १ जुलै २०२२ पासून तिन्ही ब्युरोंनी फेडलेली वैद्यकीय कलेक्शन खाती रिपोर्टमधून काढून टाकली आणि न फेडलेले खाते थकल्यापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत दाखवायचे नाही असे ठरवले. त्याआधी ही मुदत सहा महिन्यांची होती. एप्रिल २०२३ पासून ज्या खात्याची मूळ कलेक्शन रक्कम ५०० डॉलरपेक्षा कमी आहे, तेही दाखवले जात नाही. हे तीनही नियम ब्युरोंनी स्वतःहून स्वीकारलेले धोरण आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. त्यामुळे पत्रात ‘आपल्या जाहीर धोरणानुसार’ असे लिहावे. ‘कायद्याने बंदी आहे’ असे लिहू नये.

सगळीच वैद्यकीय थकबाकी रिपोर्टमधून हटवणारा केंद्रीय नियम ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने, म्हणजे सीएफपीबीने, जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला होता. तो लागू होण्याआधीच जुलै २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने रद्द केला. तो नियम चालू आहे असे सांगणारे लेख अजूनही फिरत असतात. राज्यांचे कायदे मात्र वेगळे आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया, कोलोराडो अशा काही राज्यांनी वैद्यकीय थकबाकी रिपोर्टमध्ये दाखवण्यावर आपापल्या परीने बंदी घातली आहे. अशा राज्यात राहत असाल, तर पत्रात त्या कायद्याचा उल्लेख जरूर करावा, परंतु सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. केंद्रीय कायद्यापुढे असे राज्य कायदे टिकत नाहीत अशी भूमिका सीएफपीबीने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतली आहे आणि त्याचा निकाल न्यायालयांतच लागेल.

एक सापळा असा, की दवाखान्याचे बिल क्रेडिट कार्डावर किंवा केअरक्रेडिटसारख्या वैद्यकीय कार्डावर भरले, तर ते ब्युरोच्या दृष्टीने कार्डाचे कर्ज ठरते आणि वरची एकही सवलत त्याला मिळत नाही. कलेक्शनच्या भीतीने घाईघाईने कार्ड पुढे करणे म्हणूनच टाळावे.

पहिले काम: तिन्ही रिपोर्ट एकाच दिवशी काढणे

ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत संकेतस्थळावरून प्रत्येक ब्युरोचा रिपोर्ट दर आठवड्याला मोफत मिळतो. तिन्ही एकाच दिवशी काढावेत आणि पीडीएफ जपून ठेवावेत, कारण पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेल्या रिपोर्टांची तुलना केली, तर खरी विसंगती कोणती आणि मधल्या काळात झालेला बदल कोणता हे कळत नाही. मोफत ॲपवर भागवू नये. क्रेडिट कर्मामध्ये ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्सच दिसतात, एक्स्पेरियन दिसत नाही. शिवाय त्यात दिसणारा व्हँटेजस्कोअर हा पत मोजणारा आकडा वैद्यकीय कलेक्शन खाती मोजतच नाही, तर घरकर्ज देणाऱ्या अनेक बँका आजही फायको या दुसऱ्या स्कोअरच्या जुन्या आवृत्त्या वापरतात आणि त्यांत अशी खाती मोजली जातात. ॲपमधला आकडा उत्तम आणि बँकेकडचा आकडा कमी, असे घडण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

मग एका कागदावर तीन उभे रकाने आखावेत आणि प्रत्येक नोंदीची माहिती आडवी भरत जावे: कलेक्शन एजन्सीचे नाव, खाते क्रमांकाचे दिसणारे आकडे, मूळ रक्कम, सध्याची बाकी, खाते उघडल्याची तारीख, पहिल्यांदा थकल्याची तारीख, शेवटची माहिती कळवल्याची तारीख आणि शेरा. यात दोन ठिकाणी गोंधळ होतो. कलेक्शनच्या नोंदीतली ‘खाते उघडल्याची तारीख’ ही बहुधा एजन्सीच्या हाती खाते पडल्याची तारीख असते, तुमच्या उपचारांची नव्हे. आणि पहिल्यांदा थकल्याची तारीख इक्विफॅक्स थेट छापतो, एक्स्पेरियन ‘अमुक महिन्यापर्यंत नोंद राहील’ एवढेच सांगतो आणि ट्रान्सयुनियन नोंद निघून जाण्याचा अंदाजे महिना देतो. कलेक्शनची नोंद साधारणपणे थकल्यापासून सात वर्षे राहत असल्याने, शेवटच्या दोन ब्युरोंच्या महिन्यांतून सात वर्षे वजा करून तारीख काढावी लागते.

दवाखान्याचे नाव नोंदीत सापडेलच असे नाही. रुग्णाचा आजार उघड होऊ नये म्हणून कर्ज देणाऱ्यांना जाणाऱ्या रिपोर्टमध्ये उपचार करणाऱ्याचे नाव झाकण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पुष्कळदा तुमच्या स्वतःच्या प्रतीवरही ‘मेडिकल पेमेंट डेटा’ एवढेच असते. म्हणून रक्कम आणि तारखा यांच्या आधारानेच ओळख पटवावी लागते.

दुसरे काम: मूळ बिल आणि ईओबी

इमर्जन्सीत एकदा जाऊन आले की बिल एक येत नाही. दवाखान्याचे वेगळे, तिथल्या डॉक्टरांच्या गटाचे वेगळे, एक्स-रे वाचणाऱ्याचे वेगळे, प्रयोगशाळेचे आणि रुग्णवाहिकेचे आणखी वेगळे. त्यामुळे रिपोर्टमधल्या दोन नोंदी म्हणजे एकच थकबाकी दोनदा लागली आहे, की दोन खरीखुरी बिले आहेत, हे बिले समोर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. बिलिंग विभागाकडे तपशीलवार बिल मागावे. बिलाची कागदपत्रे मिळण्याचा हक्क हिपा या रुग्णांच्या माहितीविषयीच्या कायद्याने दिलेला आहे आणि साधारण ३० दिवसांत ती द्यावी लागतात.

विमा कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच तारखेचा ईओबी, म्हणजे एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स हा विम्याच्या दाव्याचा हिशेब सांगणारा कागद, काढावा. त्यातला ‘रुग्णाने देय रक्कम’ हा आकडा महत्त्वाचा. बिलाचा आकडा आणि हा आकडा वेगळा असेल, तर एजन्सीने कोणता आकडा कळवला ते पाहावे. दावा विमा कंपनीकडे गेलाच नव्हता, चुकीच्या पॉलिसी क्रमांकावर गेला, किंवा नोकरी बदलल्यामुळे जुन्या विम्याकडे गेला, असेही निघते. दावा नाकारल्याची सूचना हाती आली असेल, तर विमा कंपनीकडे अपील करण्यासाठी साधारणपणे १८० दिवस मिळतात, म्हणून ते काम ब्युरोच्या वादासाठी थांबवून ठेवू नये.

आणखी दोन गोष्टी इथेच तपासाव्यात. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नो सरप्रायझेस कायद्यानुसार विमा असलेल्या रुग्णाला इमर्जन्सीतल्या उपचारांसाठी नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरचे वाढीव बिल लावता येत नाही. रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका मात्र त्यात येत नाही. दुसरे म्हणजे, दवाखाना नफ्यासाठी नसलेल्या प्रकारातला असेल, तर पहिल्या बिलापासून १२० दिवस होईपर्यंत त्याला किंवा त्याच्या एजन्सीला ब्युरोकडे जाता येत नाही आणि आर्थिक मदतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत घ्यावा लागतो. आपल्याला अशी मदत मिळणार नाही असे गृहीत धरून आपले लोक तो अर्जच भरत नाहीत. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक दवाखान्याची वेगळी असते, तेव्हा निदान धोरणाचा कागद वाचून पाहावा.

एक उदाहरण

समजा, डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाने ऑगस्ट २०२५ मध्ये रिपोर्ट काढले. उपचार मार्च २०२४ मधले. इक्विफॅक्समध्ये एजन्सी ‘अ’ची नोंद आहे: मूळ रक्कम १,२४० डॉलर, पहिल्यांदा थकल्याची तारीख मे २०२४. ट्रान्सयुनियनमध्ये ‘अ’ची तीच नोंद आहे आणि खाली एजन्सी ‘ब’ची १,२४० डॉलरचीच दुसरी नोंद आहे, जी निघून जाण्याचा महिना डिसेंबर २०३१ दिलेला आहे. एक्स्पेरियनमध्ये काहीच नाही. ईओबी सांगतो की रुग्णाने देय रक्कम ४३० डॉलर आहे.

‘ब’च्या नोंदीतून सात वर्षे वजा केली, तर थकल्याची तारीख डिसेंबर २०२४ येते. म्हणजे खाते हस्तांतरित करताना तारीख पुढे ढकलली गेली. हे गैर आहे, कारण एजन्सी बदलल्याने मूळ तारीख बदलत नाही. गंमत अशी की ‘ब’ची तारीख खरी मानली, तरी ऑगस्ट २०२५ मध्ये एक वर्ष पूर्ण झालेले नाही, म्हणून ब्युरोच्याच धोरणानुसार ती नोंद दिसायला नको, आणि तारीख खोटी मानली, तर ती ‘अ’च्या नोंदीची पुनरावृत्ती ठरते. दोन्ही बाजूंनी ती काढावीच लागते.

याहूनही मोठा मुद्दा रकमेचा आहे. देय रक्कम सुरुवातीपासूनच ४३० डॉलर असेल, तर कलेक्शनची मूळ रक्कम १,२४० ही चूक आहे, आणि ती सुधारली की खाते ५०० डॉलरच्या खाली जाऊन दोन्ही ब्युरोंतून पूर्णपणे निघायला हवे. १,२४० डॉलर खरोखरच देय असताना त्यांतले ८१० भरून बाकी ४३० वर आणली, तर मात्र हा लाभ मिळत नाही, कारण मर्यादा मूळ रकमेवर मोजली जाते. एक्स्पेरियनला या प्रकरणी काहीही लिहू नये. तिथे नोंद नसताना वाद उपस्थित करण्याला अर्थ नाही.

पत्रे कोणाला आणि कोणत्या क्रमाने

एजन्सीचे पहिले कळवणीपत्र नुकतेच आले असेल, तर तिच्या पत्रात दिलेल्या ३० दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी. मग पडताळणीचे कागद पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. नोव्हेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तुमच्याशी आधी संपर्क न साधता थेट ब्युरोकडे नोंद करण्यास एजन्सीला मनाई आहे, तेव्हा असे पत्र कधी आलेच नसेल, तर तोही मुद्दा मांडावा. हरकत घेतलेले खाते ब्युरोकडे ‘वादग्रस्त’ म्हणूनच कळवावे लागते.

दवाखान्याच्या बिलिंग विभागाला वेगळे पत्र पाठवून चूक मान्य करणारा आणि एजन्सीकडून खाते परत मागवल्याचा लेखी खुलासा मिळवावा. सगळ्या कागदांत माझ्या अनुभवाने या एका पानाचे वजन सर्वांत जास्त असते. फोनवरून मिळालेल्या ‘आम्ही करतो’ या आश्वासनाला काडीची किंमत नसते.

त्यानंतर ज्या ज्या ब्युरोकडे चुकीची नोंद आहे, त्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्र. ऑनलाइन अर्जापेक्षा टपालाने, सर्टिफाइड मेलने आणि पोचपावतीसह पाठवलेले पत्र मी पसंत करतो, कारण ऑनलाइन रकान्यांत ठरावीक कारणे निवडावी लागतात आणि तुमचा युक्तिवाद त्यांत मावत नाही. ब्युरो तुमची तक्रार इ-ऑस्कर या संगणकीय प्रणालीतून एजन्सीकडे पाठवतात आणि तिथे ती एखाद्या संकेतांकात आखडते. म्हणून पत्र एक पानाचे, एका नोंदीपुरते आणि चूक नेमकी कोणत्या रकान्यात आहे हे सांगणारे असावे. इंग्रजीत लिहायच्या त्या पत्राचा आशय साधारण असा: ‘अमुक एजन्सीच्या अमुक आकड्यांनी संपणाऱ्या खात्यातील मूळ रक्कम १,२४० डॉलर चुकीची आहे. सोबतच्या ईओबीनुसार देय रक्कम ४३० डॉलर आहे. इक्विफॅक्समध्ये हेच खाते मे २०२४ मध्ये थकल्याचे नोंदवलेले असून आपल्या रिपोर्टमधील तारीख त्याच्याशी विसंगत आहे. कृपया ही नोंद काढून टाकावी.’ दुसऱ्या ब्युरोच्या रिपोर्टचे ते पान सोबत जोडावे. ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत लागते. मूळ कागद कधीही पाठवू नयेत आणि आजाराचा तपशील असलेला भाग काळा करावा, कारण रकमेचा वाद मांडायला त्याची गरज नसते.

‘हे खाते माझे नाही’ असे तेव्हाच लिहावे जेव्हा ते खरोखरच तुमचे नसेल. फायली मिसळल्या असतील, तर स्वतःचे पूर्ण नाव, जोडीदाराचे पूर्ण नाव आणि दोघांच्या जन्मतारखा देऊन दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे स्पष्ट करावे, आणि रिपोर्टच्या सुरुवातीला छापलेली चुकीची नावे व पत्तेही त्याच पत्रात काढायला सांगावेत. ती तशीच राहिली, तर पुढचे बिल पुन्हा तिथेच येऊन चिकटते. कोणी तुमच्या नावावर उपचार घेतले असतील, तर आयडेंटिटीथेफ्ट डॉट जीओव्हीवर तक्रार नोंदवून तो अहवाल जोडावा. मग अशी नोंद रोखण्यासाठी ब्युरोला चार कामकाजाचे दिवस मिळतात.

उत्तर आल्यानंतर

ब्युरोला तपास ३० दिवसांत पूर्ण करावा लागतो. तुम्ही मधल्या काळात आणखी कागद पाठवले, किंवा मोफत वार्षिक रिपोर्टच्या आधारे वाद काढला असेल, तर ही मुदत ४५ दिवसांची होते. चूक आढळल्यास एजन्सीने ज्या ज्या ब्युरोंना ती माहिती दिली होती, त्या सर्वांना दुरुस्ती कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात एका ठिकाणी दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली आढळते, म्हणून निकाल हाती येताच तिन्ही रिपोर्ट पुन्हा काढावेत आणि आधीच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. एका ब्युरोने नोंद काढल्याचे पत्र हे दुसऱ्या ब्युरोला पाठवायच्या पुढच्या पत्राला जोडायचा कागद आहे.

‘पडताळणी झाली, नोंद बरोबर आहे’ असे उत्तर आले, तर तेच पत्र पुन्हा पाठवू नये. नवा पुरावा नसलेला तोच वाद ब्युरो फेटाळू शकतो. पडताळणी कशी केली याचे वर्णन मागवावे, ते १५ दिवसांत द्यावे लागते. मग एजन्सीला थेट वादपत्र लिहावे आणि जोडीला सीएफपीबीच्या संकेतस्थळावर ब्युरो व एजन्सी या दोघांविरुद्ध स्वतंत्र तक्रारी कराव्यात. आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातही तक्रार करता येते. शंभर शब्दांचे निवेदन रिपोर्टला जोडण्याचा हक्क आहे, पण त्याने स्कोअर हलत नाही.

घरकर्जाची तारीख तोंडावर आली असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेला ‘रॅपिड रिस्कोअर’ करता येईल का ते विचारावे. दुरुस्तीचा लेखी पुरावा हाती असेल, तर तिच्यामार्फत ब्युरोची फाइल काही दिवसांत अद्ययावत होऊ शकते. ग्राहकाला हे थेट मागवता येत नाही. बँका बहुधा तीन स्कोअरपैकी मधला धरतात, म्हणून दोन ब्युरोंत चूक असेल, तर त्यांतल्या कोणत्या एकीची दुरुस्ती मधला आकडा हलवते हे आधी पाहून तिथला पाठपुरावा प्रथम करावा.

थकबाकी खरी आणि रक्कमही बरोबर निघाली, तर वैद्यकीय खात्याच्या बाबतीत पैसे भरणे हाच सरळ मार्ग आहे, कारण फेडलेले खाते तिन्ही ब्युरोंतून पूर्णपणे निघते. इतर प्रकारच्या कलेक्शनला ही सोय सरसकट नाही. तडजोडीने कमी रक्कम भरत असाल, तर ‘पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, बाकी शून्य’ असे एजन्सीकडून आधी लेखी घ्यावे आणि मगच पैसे पाठवावेत. भरल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी तिन्ही रिपोर्ट पाहावेत.

काढलेली नोंद पुन्हा उगवली, तर एजन्सीने ती अचूक असल्याचे प्रमाणित केलेले असले पाहिजे आणि ब्युरोने ती परत घातल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला लेखी कळवलेले असले पाहिजे. तसे पत्र आले नसेल, तर ग्राहक कायद्याच्या वकिलाला भेटावे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात १०० ते १,००० डॉलरची ठरीव भरपाई आहे, आणि दावा जिंकल्यास वकिलाचे शुल्क समोरच्याकडून मिळत असल्याने असे बरेच वकील आधी पैसे मागत नाहीत. उल्लंघन लक्षात आल्यापासून दोन वर्षे आणि ते घडल्यापासून फार तर पाच वर्षे एवढीच दाव्याची मुदत आहे. म्हणून पोचपावत्या, लिफाफ्यांवरचे शिक्के आणि प्रत्येक वेळी काढलेले तिन्ही रिपोर्ट निदान तेवढा काळ एकाच फाइलमध्ये ठेवावेत.